आय ॲम इन द वे

इंग्रजीतल्या अगडबंब शब्दांची मला कधीच भीती वाटली नाही. ‘कॉरस्पॉन्डन्स’, ‘रिकन्सिलिएशन’, ‘नॉटविथस्टँडिंग’ असले शब्द मी अजूनही न अडखळता लिहितो, तेही स्पेलिंगसकट. आमच्या पिढीनं ते छड्या खाऊन पाठ केलेत. माझी अब्रू घालवली ती दोन-तीन अक्षरांच्या चिल्लर शब्दांनी. इन, ऑन, ॲट, टू, बाय. स्वतःचा म्हणून धड अर्थ नाही, वाक्यात कुठं उभे आहेत ते चटकन दिसत नाही, आणि एक इकडचा तिकडं झाला की सबंध वाक्य घेऊन खड्ड्यात जातात. बरं, त्यांना टाळून लिहावं तर तीही सोय नाही. इंग्रजीत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पहिल्या दहा शब्दांत ‘टू’, ‘ऑफ’ आणि ‘इन’ हे तिघं पाय पसरून बसलेत.

मी कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत नोकरी करतो. काम बिडाच्या ओतकामाचं. एकेकाळी शेतीच्या ऑइल इंजिनांचे भाग ओतणारा हा मुलूख आता इंग्लंड-अमेरिकेच्या व्हॉल्व्हच्या बॉड्या ओततो. वाळू तीच, धूर तोच, बिल फक्त पौंडात नाहीतर डॉलरात. मी डिस्पॅचला होतो. कंपनीला पहिली परदेशी ऑर्डर आली त्या दिवशी मालकांनी शॉपमध्ये येऊन विचारलं, “इंग्लिश कुणाचं बरं हाय?” सगळ्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं, कारण माझ्या टेबलावर ‘रेन अँड मार्टिन’चं व्याकरण होतं. ते मी पंख्यानं चलनं उडू नयेत म्हणून गठ्ठ्यावर ठेवत असे. वजनाला फार चांगलं पुस्तक. त्या वजनावर मी संध्याकाळी एक्सपोर्ट मॅनेजर झालो.

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला यायचं. (2000 सालापासून ते पहिलीला येतं, त्यामुळे आताची मुलं चार वर्षं आधीपासून चुकू शकतात.) गुरुजींनी एक टेबल आणि एक डस्टर एवढ्या भांडवलावर आम्हाला सगळी प्रीपोझिशन्स शिकवली. डस्टर टेबलावर ठेवलं की ‘ऑन’, खणात टाकलं की ‘इन’, टेबलाखाली धरलं की ‘अंडर’. ऑन म्हणजे वर, इन म्हणजे आत, अंडर म्हणजे खाली. ‘द डस्टर इज ऑन द टेबल’ या वाक्याबद्दल आजही माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. अडचण एवढीच, की इतक्या वर्षांत एकाही परदेशी गिऱ्हाइकानं मला डस्टर कुठं आहे असं विचारलेलं नाही.

‘ऑन म्हणजे वर’ हे एकदा रक्तात भिनलं की काय होतं बघा. मराठीत साहेब आपल्यावर रागावतो. आई आपल्यावर माया करते, बायको आपल्यावर संशय घेते, शेजारी आपल्यावर जळतो, बँकेचं कर्ज आपल्यावर असतं आणि कुणीतरी नातेवाइकानं आपल्यावर उपकार करून ठेवलेले असतात. मराठी माणूस म्हणजे घराचा माळा. जे येईल ते वर टाकायचं. इंग्रजांकडे ही सोय नाही. तिथं राग ‘विथ’ किंवा ‘ॲट’ असतो, विश्वास ‘इन’ असतो, संशय ‘ऑफ’ असतो, आणि प्रेमात तर पडणाराच ‘इन’ असतो. एका मालाला उशीर झाला तेव्हा समोरच्याला माझी कीव यावी म्हणून मी लिहिलं, ‘माय बॉस इज व्हेरी अँग्री ऑन मी.’ त्या इंग्रजाच्या डोळ्यांसमोर नेमकं काय उभं राहिलं असेल याचा विचार मी फार उशिरा केला. आमचे मालक माझ्या पाठीवर बसलेत आणि तिथून ओरडताहेत. मालकांची तब्येत पाहता त्याला कीव मात्र नक्की आली असणार.

हाच गृहस्थ पुढं फाउंड्री पाहायला आला. विमानानं पुण्यात उतरणार होता आणि त्याला आणायला मी पहाटे गाडी घेऊन निघालो होतो. साताऱ्यापर्यंत सगळं सुरळीत. खंबाटकीच्या बोगद्याअलीकडे एक ट्रक असा काही आडवा झाला की पुढची हालचालच थांबली. तेवढ्यात साहेबाचा मेसेज: मी उतरलोय, तुम्ही कुठं आहात? मी वाटेत होतो. वाट म्हणजे वे, त म्हणजे इन. मी टाइप केलं, ‘डोन्ट वरी सर, आय ॲम इन द वे.’

उत्तर आलं, ‘आय ॲम शुअर यू आर नॉट.’

हे मला लागलं. परदेशी माणूस, आपल्याकडच्या फसवाफसवीच्या गोष्टी ऐकून आलेला, पहिल्याच दिवशी माझ्या शब्दावर अविश्वास दाखवतो म्हणजे काय? मी ठणकावून लिहिलं, ‘नो सर, आय ॲम फुली इन द वे. सिन्स टू अवर्स.’

‘इन हूज वे?’

‘एव्हरीबडीज, सर. होल हायवे.’

त्यानंतर बराच वेळ काही आलं नाही. मी पोचलो तेव्हा तो माणूस माझ्याशी विलक्षण मायेनं वागला. घरी काही ताण आहे का, असंही त्यानं आडून विचारलं. ‘इन द वे’ म्हणजे दुसऱ्याच्या वाटेतली धोंड, आणि वाटेत असणं म्हणजे ‘ऑन द वे’, हे मला पुढं केव्हातरी समजलं. म्हणजे मी त्याला कळवत होतो की मी जगाला अडथळा झालोय, दोन तासांपासून झालोय, आणि तो बिचारा म्हणत होता की नाही हो, असं मनात आणू नका. एक मात्र खरं. आडव्या झालेल्या त्या ट्रकच्या वतीनं पाहिलं तर माझं वाक्य अचूक होतं. फक्त ‘सिन्स’ तिथंही चुकलं असतं. दोन तासांना ‘फॉर’ लागतं. आमचं एक ‘पासून’ सकाळपासूनही चालतं आणि दोन तासांपासूनही चालतं. इंग्रजांना तेवढ्यासाठी दोन माणसं ठेवावी लागतात.

रात्री मालकांनी जेवायला नेलं. तांबडा, पांढरा, मटण, भाकरी. साहेबानं तांबड्याची वाटी थेट तोंडाला लावली आणि नंतर तो काही काळ नुसता भिंतीकडं बघत राहिला. वातावरण हलकं करायचं म्हणून मी स्वतःची माहिती सांगायला घेतली. ‘सर, आय पास्ड आउट फ्रॉम कॉलेज इन कोल्हापूर.’

त्यानं डोळे पुसले. ‘ओह डिअर. वॉज इट द हीट?’

मला प्रश्न नीट समजला नाही. फाउंड्रीत ‘हीट’ म्हणजे भट्टीची एक खेप. मी म्हटलं, ‘नो सर, कॉमर्स.’ मग संभाषण कौटुंबिक करावं म्हणून पुढं रेटलं. ‘माय वाइफ ऑल्सो पास्ड आउट. सेम कॉलेज. इन आवर फॅमिली एव्हरीबडी इज पास्ड आउट. ओन्ली माय यंगर ब्रदर... ही ट्राइड मेनी टाइम्स.’

साहेबानं आपल्यासमोरच्या वाटीकडं पाहिलं आणि ती हळूच लांब सारली.

‘पास आउट’ म्हणजे शुद्ध हरपून पडणं, हे आपल्याकडं निम्म्या लोकांना ठाऊक नसावं, नाहीतर लग्नाच्या बायोडेटात ते लिहिलं गेलं नसतं. गंमत म्हणजे खडकवासल्याच्या प्रबोधिनीत छात्र शिकून बाहेर पडतात तेव्हा ‘पासिंग आउट परेड’ होते आणि इंग्लंडच्या फौजेतही हाच शब्द चालतो. फौजी बाहेर पडला तर अधिकारी, आम्ही बाहेर पडलो तर बेशुद्ध. व्याकरणाचे शिस्तीचे लोक म्हणतील, की यातलं ‘आउट’ प्रीपोझिशन नव्हे, क्रियाविशेषण आहे. त्याला या लेखात घेऊ नका. माझी शोभा करणाऱ्याची मी जात पाहत नाही.

साहेब गेल्यावर मी चलनांवरचं वजन उचललं आणि पहिल्यांदाच उघडलं.

या पुस्तकातल्या रेनविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होता. पण जगात त्याचं नाव झालं ते ‘बो जेस्ट’ या 1924 च्या कादंबरीमुळे. तिच्यात इंग्लंडमधले चांगल्या घरातले भाऊ पळून जाऊन फ्रेंचांच्या परदेशी पलटणीत भरती होतात आणि सहाराच्या वाळूत लढत बसतात. व्याकरण लिहिणाऱ्या माणसाला ही कल्पना कशी सुचली असेल याचं कोडं मला प्रीपोझिशनच्या धड्यापर्यंतच राहिलं. तो धडा वाचल्यावर कुठल्याही सज्जनाला सहारा बरा वाटेल.

वेळेचं प्रकरण सुरुवातीला तर फार सरळ दिसतं. महिना नि वर्ष ‘इन’, वार नि तारीख ‘ऑन’, घड्याळातली वेळ ‘ॲट’. मोठ्याकडून छोट्याकडं. मला इतकं पटलं की मी बायकोलाही समजावून सांगितलं. पुढच्याच ओळीत ‘इन द मॉर्निंग’, ‘इन द इव्हनिंग’, पण ‘ॲट नाइट’. रात्रीनं काय पाप केलं होतं? बरं, सकाळ ‘इन’ म्हणावी तर ती सोमवारची निघाली की ‘ऑन मंडे मॉर्निंग’. आणि शनिवार-रविवारला इंग्रज ‘ॲट द वीकेंड’ म्हणतो, अमेरिकन ‘ऑन द वीकेंड’ म्हणतो. आमचं एक गिऱ्हाईक इकडचं, एक तिकडचं. सुट्टीत कारखाना चालू राहील का, एवढं कळवायचं तर आधी अटलांटिकची बाजू तपासावी लागते. मी दोघांनाही ‘सॅटर्डे, संडे’ असं लिहायला लागलो.

वाहनांचा नियम त्याहून सुंदर आहे. बस, ट्रेन, विमान, बोट यांना ‘ऑन’. कार आणि टॅक्सीला ‘इन’. कुणीतरी याची किल्लीही सांगून ठेवलीय: ज्या वाहनात उभं राहून चालता येतं ते ‘ऑन’, ज्यात नुसतं बसावं लागतं ते ‘इन’. मला हे वाचून समाधान झालं आणि लगेच वडाप आठवलं. शिरोली नाक्यावरून सुटणाऱ्या वडापच्या जीपमध्ये माणूस उभा राहू शकत नाही, म्हणून ‘इन’ म्हणावं, तर निम्मी माणसं मुळात आत नसतातच. दोघं मागच्या पायरीवर, एक टपावर, आणि ड्रायव्हरचा अर्धा देह दाराबाहेर. नियम करणाऱ्यानं आमच्याकडं एक फेरी मारली असती तर धडा दोन पानांनी वाढला असता.

खरी गोम वेगळीच आहे, आणि ती मला रेनच्या नव्हे, ड्रायडनच्या नादानं कळली. जॉन ड्रायडन या कवीनं 1672 मध्ये बेन जॉन्सनच्या लिखाणात खोड काढली, की हा वाक्याच्या शेवटी प्रीपोझिशन टांगून ठेवतो. लॅटिनमध्ये ते तसं टांगता येत नाही, म्हणून इंग्रजीतही शोभत नाही, असं त्याला वाटलं असावं. पुढं कित्येक पिढ्या मास्तर लोकांनी यावरून पोरांना बडवलं. हा ड्रायडन कोल्हापुरात आला असता तर त्याचं काय झालं असतं? आमच्याकडं हे सगळं शेवटीच लागतं. घरात, घरावर, घरापासून, घरासाठी. दादोबा पांडुरंगांनी 1836 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, आणि स-ला-ते, ने-ए-शी पाठ करता करता कित्येकांची बालपणं गेली, तरी बोलताना त्यातलं काही आठवावं लागत नाही. नाम तोंडातून बाहेर पडतं आणि विभक्ती मुकाट त्याच्या मागून येते. इंग्रज मात्र आधी ‘इन’ म्हणतो आणि नंतर सांगतो कशात. म्हणजे मला पुढचा शब्द काय येणार हे आधीच ठरवून, त्याला काय चालतं काय चालत नाही याची चौकशी करून, मगच तोंड उघडायचं आहे. त्या चौकशीत मी थांबतो. फोनवर माझं ‘आय विल मीट यू...’ होतं आणि मग इतकी शांतता पसरते की पलीकडचा ‘हॅलो, हॅलो’ करायला लागतो.

अभ्यासापूर्वी मी बेधडक चुकत होतो. अभ्यासानंतर मी विचारपूर्वक चुकायला लागलो. कंपनीला दुसरा प्रकार महाग पडला.

झालं असं. ‘बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारपर्यंत, हे मी नुकतंच पक्कं केलं होतं. ‘बाय’ म्हणजे पर्यंत, असं वहीत लाल शाईनं लिहिलं होतं. तेवढ्यात त्याच इंग्लंडच्या साहेबाचा मेल आला. व्हॉल्व्हच्या बॉडीची फ्लँज 20 मिलिमीटर जाड होती. ती कमी करायची होती. ‘प्लीज रिड्यूस द फ्लँज थिकनेस बाय 8 एमएम.’ सुधारित ड्रॉइंग मागाहून येणार होतं, पण नमुने घाईनं हवे होते. ‘बाय’ म्हणजे पर्यंत. आठपर्यंत कमी करा. मी पॅटर्न शॉपमध्ये जाऊन मेस्त्रींना सांगितलं, फ्लँज आठावर आणा.

मेस्त्री सातवी शिकलेले. त्यांनी चष्मा कपाळावर घेतला. “साहेब, इसाचं आठ? मशिनिंगला जाऊन उरनार काय? बोल्ट आवळला की चिरतंय बघा.”

मी म्हटलं, “मेस्त्री, इंग्रजीत लिहून आलंय.”

यावर आपल्याकडं कुणी काही बोलत नाही. त्यांनी चष्मा खाली घेतला आणि पॅटर्न तासायला बसले. नमुने ओतले, घासले, रंगवले, आणि घाई म्हणून विमानानं पाठवले. बीड विमानानं पाठवायला काय खर्च येतो ते मी इथं लिहीत नाही. मालकांच्या घरीही हा लेख वाचतात. बर्मिंगहॅमला पहिला बोल्ट आवळला आणि मेस्त्रींचं म्हणणं खरं झालं. साहेबानं फोटो पाठवून विचारलं होतं, की आम्ही बारा मागितले असताना तुम्ही आठावर कसे आलात?

‘बाय’ म्हणजे इथं ‘ने’ होतं. आठनं कमी करा. आठवर आणायचं असतं तर ‘टू’ लिहिलं असतं. पेट्रोल दोन रुपयांनी महागलं आणि दोन रुपयांवर आलं, यात आमच्या वॉचमनचाही घोटाळा होत नाही. दुसरी बातमी आली तर तो पंपावर पळेल. पण तेच इंग्रजीत येताच माझ्या डोक्यातली विभक्ती संपावर गेली. ओतकामाचं एक बरं असतं. बिघडलेलं सगळं परत भट्टीत टाकता येतं. पाठवलेल्या मेलला ती सोय नाही.

आता मला ‘बाय’ या शब्दाची शिसारी बसली. दिलगिरीच्या मेलमध्ये नवी तारीख कळवायची होती, तीस जूनपर्यंत माल पाठवतो म्हणून. ‘बाय’ लिहायला हात धजेना. ‘पर्यंत’साठी दुसरा शब्द शोधला तेव्हा ‘अंटिल’ सापडला. भारदस्त होता, वळणदार होता. मी लिहिलं, ‘वी विल सेंड करेक्ट कास्टिंग्ज अंटिल 30 जून.’

साहेबाचं उत्तर: ‘अँड व्हॉट हॅपन्स आफ्टर 30 जून?’

मला वाटलं, माणूस पुन्हा चूक होईल म्हणून धास्तावलाय. त्याला निर्धास्त करायला हवं. ‘नथिंग विल हॅपन आफ्टर 30 जून, सर. एव्हरीथिंग विल बी फिनिश्ड.’

फाउंड्रीच्या धंद्यात एक रीत आहे. पॅटर्न आमच्याकडं असले तरी त्यांचे पैसे गिऱ्हाइकानं दिलेले असतात, मालकी त्याची. दुसऱ्या दिवशी साहेबानं थेट आमच्या मालकांना फोन लावला. तुमचा कारखाना जूनअखेर बंद होतोय हे ऐकून वाईट वाटलं, कामगारांचं काय करणार आहात, आणि आमचे पॅटर्न परत मिळण्याची काय व्यवस्था? मालकांना आपला कारखाना बंद होत असल्याची बातमी अशी बर्मिंगहॅमहून कळली. ते केबिनमधून बाहेर आले, माझ्या टेबलापाशी थांबले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “आपन बंद कराय लागलोय काय ओ? न्हाई, मला कुनी सांगितलं न्हाई म्हनून इचारतोय.”

त्या दिवसापासून माझे मेल डिस्पॅचला नव्यानं लागलेल्या मुलीच्या नजरेखालून जायला लागले. तिचं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालेलं. नोकरीला लागून तिला वर्षही झालं नव्हतं आणि मी तिच्यापुढं मान खाली घालून उभा. ती दोन सेकंदांत ‘इन’चा ‘ऑन’ करायची. ‘डिस्कस अबाउट’मधला ‘अबाउट’ उडवायची. का उडवला, असं विचारलं की म्हणायची, “सर, ते कानाला बरोबर वाटत नाही.” नियम? “नियम माहीत नाही, सर. असंच असतं.” माझा संताप व्हायचा. मी सहारापर्यंत जाऊन आलेला माणूस, आणि ही म्हणते असंच असतं!

एकदा तिनंच मला कोंडीत पकडलं. तिला एक मराठी परिपत्रक लिहायचं होतं. म्हणाली, “सर, आपण घरी जातो, शाळेत जातो, गावाला जातो आणि कामावर जातो. जाणं एकच, मग प्रत्येक ठिकाणी शेवट वेगळा का? घरात जातो म्हटलं तर अर्थ बदलतो, आणि शाळेला जातो असंही लोक म्हणतात. नियम काय?” मी खुर्चीत सावरून बसलो. सप्तमी आठवली, चतुर्थी आठवली, शब्दयोगी अव्ययं आठवली. त्यांतलं एकही मदतीला येईना. शेवटी मी तिला म्हटलं, परिपत्रक माझ्याकडं दे, मी बघतो.

मधल्या काळात मी एक धाडसी प्रयोग केला. प्रीपोझिशन वापरायचंच नाही. ही कल्पना मला तारांवरून सुचली. आपल्या देशातली तारेची सेवा 2013 च्या जुलैमध्ये बंद झाली. त्याआधी घराघरांत इंग्रजीतलं एकच वाक्य पोचलेलं होतं: ‘मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली.’ शब्दागणिक पैसे पडायचे म्हणून त्यात एकही चिल्लर शब्द नसे, आणि तरी तार वाचून चुकीच्या गावी गेला असा माणूस माझ्या ऐकिवात नाही. मी तसं लिहायला लागलो. ‘कास्टिंग्ज रेडी. डिस्पॅच मंडे. पेमेंट अवेटेड.’ आठवडाभर मला फार मोकळं वाटलं. मग अमेरिकेच्या गिऱ्हाइकानं, आपल्याकडून काही चुकलं असेल तर माफ करा, असा मेल पाठवला. इंग्लंडच्या साहेबानं तर मुलीला वेगळं लिहून विचारलं, मॅनेजरसाहेबांची आई आता कशी आहे? आता हे त्याला कुणी सांगितलं होतं? मुलीनं. मी प्रयोग कुठून घेतला ते समजावून सांगायला गेली असणार.

या सगळ्यात एक माणूस सुखी होता, तो म्हणजे आमचे मालक. त्यांचं इंग्रजी स्वयंभू आहे. पिग आयर्न महागलं, विजेचं बिल वाढलं, तेव्हा दरवाढ मागायची होती. मी तीन परिच्छेदांचं पत्र तयार करत होतो. मालक म्हणाले, फोन लावा. स्पीकरवर टाकला. साहेबानं हवापाण्याची चौकशी केली. मालक म्हणाले, “सर, पिग आयर्न अप. लाइट बिल अप. डिझेल अप. माय रेट नो अप, मी डाउन. यू रेट अप, आय हॅपी. आय हॅपी, कास्टिंग गुड.”

पलीकडून हसण्याचा आवाज आला. कितीनं, असं साहेबानं विचारलं.

“सेव्हन परसेंट.”

साहेब पाचावर आला, मालक सातावर राहिले, साडेसहावर मिटलं. ‘अप’ हा शब्द रेनच्या यादीत प्रीपोझिशन म्हणून आहे. मालकांनी तो क्रियापद, विशेषण आणि धमकी अशा तिन्ही रूपांत वापरला होता आणि एकदाही अडले नव्हते. फोन ठेवून ते मला म्हणाले, “आता तेवढं लेखी घ्या त्यांच्याकडनं.”

मी बसलो. मुलगी चुलत बहिणीच्या लग्नाला गेलेली, रजेवर. (रजेवर म्हणजे ‘ऑन लीव्ह’. एवढ्या एका ठिकाणी इंग्रजांनी आमचा ‘वर’ जसाच्या तसा ठेवलाय, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.) ‘इन्क्रीज इन प्राइस’ लिहिलं. मग ‘इन्क्रीज ऑफ प्राइस’. मग वाटलं, ‘इन’ किमतीला आणि ‘ऑफ’ टक्क्याला असावं. पुढं ‘बाय 6.5 परसेंट’ लिहिलं आणि फ्लँज आठवली. ‘टू 6.5 परसेंट’ लिहिलं तर साहेब दर साडेसहा टक्क्यांवर आणायचा आणि कारखाना खरोखर जूनअखेर बंद व्हायचा. तारखेपाशी आलो तर ‘फ्रॉम’, ‘सिन्स’, ‘ॲज फ्रॉम’, ‘विथ इफेक्ट फ्रॉम’ असे चौघं दारात उभे. जेवणाची सुट्टी झाली. मुलीला फोन केला. बँड वाजत होता, तिला ‘टू’ ऐकू गेलं की ‘दोन’ कोण जाणे, ती म्हणाली, हो सर, दोन वाजून गेले, अक्षता पडल्या. पहिली शिफ्ट सुटली.

शेवटी मी सगळं पुसलं. जुना दर आकड्यात लिहिला. त्याच्यापुढं एक बाण काढला. बाणापुढं नवा दर लिहिला. खाली नुसती तारीख.

दहा मिनिटांत उत्तर आलं. ‘ॲग्रीड.’ ‘ॲग्री’च्या पुढं माणूस असेल तर ‘विथ’, प्रस्ताव असेल तर ‘टू’ असा नियम आहे. साहेबानं पुढं काहीच लिहिलं नव्हतं. पूर्णविराम देऊन मोकळा झाला होता. मी प्रिंट काढली आणि केबिनमध्ये नेऊन मालकांच्या पुढ्यात ठेवली.

त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. दोन आकडे, एक बाण.

“एवढंच लिवायचं हुतं,” ते म्हणाले, “तर सकाळपासनं काय करत हुतासा?”